घरातला जिना सजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलचं फॉल्स सीलिंग होतं, किचनच्या ट्रॉल्या बसतात, बजेट संपत येतं आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं, अरे, जिना राहिलाच! रो-हाऊस, ड्युप्लेक्स फ्लॅट, गावाकडचं दुमजली घर, सगळीकडे हेच. जिन्याची कामं करताना पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा एक हट्ट आधीच सांगून ठेवतो: जिथे पाऊल पडतं तिथे सजावट करायची नाही. भिंत, कठडा, पायरीची उभी बाजू, मधला चौक (जिना वळतो तिथला सपाट टप्पा), जिन्याखालचा कोपरा, एवढी जागा हौस भागवायला पुरते.

पुढे दोन शब्द वारंवार येतील. पाय ठेवायचा आडवा भाग म्हणजे ट्रेड आणि समोर दिसणारा उभा भाग म्हणजे रायझर. आपले मिस्त्रीही हेच शब्द वापरतात.

सुरुवात कुठून करायची? रंग, लाइट की रेलिंग?

टेपपासून. प्रत्येक रायझरची उंची मोजा आणि कागदावर लिहून काढा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट असतील तर साधारण सात इंचाचे १७ रायझर येतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता (२०१६) घरातल्या जिन्यासाठी रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि ट्रेड कमीत कमी २५० मिलिमीटर सांगते, म्हणजे अंदाजे साडेसात आणि दहा इंच. तुमचा जिना याच्या जवळपास असेल तर उत्तम. नसेल तरी तो पाडायची गरज नाही, पण सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत का ते बघाच. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंची पाठ करतो. मग एखादी अर्ध्या इंचाने वेगळी निघाली की अडखळायला होतं.

दुसरं काम, भिंतीकडे बघा. जिथे हातांचे मळकट डाग पडलेत तिथे घरातली माणसं आधार शोधत असतात. ते डाग रंगाखाली लपवण्याआधी तिथे हँडरेल लावायची का, याचा विचार करा.

जुन्या पायऱ्या न फोडता त्यांच्यावरच नवीन ग्रॅनाइट किंवा लाकूड बसवलं तर चालेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकणारं कामही हेच.

समजा, प्रत्येक ट्रेडवर पाऊण इंचाचा दगड चढवला. मधल्या पायऱ्यांना फरक पडत नाही, कारण सगळ्याच सारख्या वर सरकतात. पण खालची फरशी आहे तिथेच असते, म्हणून पहिली पायरी पाऊण इंचाने उंच होते. वरच्या मजल्याची फरशीही जागची हलत नाही, म्हणून शेवटची पायरी पाऊण इंचाने कमी होते. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत दीड इंचाचा फरक! मग वर्षभर घरात "या शेवटच्या पायरीला काहीतरी आहे बुवा" असं ऐकू येतं. पायरीला काही झालेलं नसतं, हिशेब चुकलेला असतो.

यावर तीन उपाय. एक, जुना दगड काढून त्याच जाडीचा नवा बसवणं. धूळ होते, पण काम चोख होतं. दोन, दोन्ही मजल्यांची फरशीही बदलणार असाल तर तीही तेवढीच उचलणं. तीन, अगदी पातळ काहीतरी वापरणं. चार-पाच मिलिमीटरच्या व्हिनाइल पट्ट्या मिळतात, त्यांनी पडणारा फरक पायाला फारसा जाणवत नाही. पट्ट्या लावाल तर पुढच्या कडेला नोझिंगची, म्हणजे कड झाकणारी पट्टी हवीच, नाहीतर कड उचकटते आणि नेमकी तिथेच ठेच लागते.

वरच्या मजल्याची दारं आणि चौकातल्या खिडकीची उंचीही बघून घ्या. कठड्याची उंचीसुद्धा ट्रेडवरून मोजतात, त्यामुळे पायरी चढली की कठडा तेवढाच बुटका होतो.

ग्रॅनाइट, कोटा, कडप्पा, मार्बल: पायऱ्यांना काय चांगलं?

टिकण्याच्या बाबतीत ग्रॅनाइट, यात वाद नाही. मात्र आरशासारखं पॉलिश केलेलं ग्रॅनाइट पावसाळ्यात ओल्या पायांनी चढून बघा, मग समजेल. दुकानात लेदर फिनिश, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठाचं मागा. पॉलिशचंच घेतलं असेल तर पुढच्या कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घ्या. मार्बलवाले याला ग्रूव्ह म्हणतात आणि रनिंग फुटाने, म्हणजे लांबीच्या फुटावर पैसे घेतात. पुढच्या कडेला हाफ राउंड मोल्डिंग करा, धारदार कड नडगीला लागते.

कोटा मला मनापासून आवडतो. हिरवट-करडा, उन्हाळ्यात गार आणि फार पॉलिश न करताही शोभणारा. कडप्पा आपल्याकडच्या जुन्या घरांतला ओळखीचा काळा दगड. हे दोन्ही आणि मार्बल चुन्याच्या जातीचे आहेत. बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा लिंबाचा रस पडला की चकाकी कायमची जाते. "जिना स्वच्छ निघावा म्हणून थोडं अ‍ॅसिड टाकलं" असा फोन आला की मी खुर्चीत बसूनच पुढचं ऐकतो.

रायझरवर वारली चित्रं काढायची आहेत. रंग कोणता आणि तो टिकेल का?

टिकेल, पण रायझर कशाचा आहे त्यावर अवलंबून. सिमेंटचा किंवा आधी रंगवलेला रायझर असेल तर पॉलिश पेपरने घासा, पुट्टीने खड्डे भरा, प्राइमर मारा, मग अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. चित्र वाळल्यावर वरून पारदर्शक वॉटर-बेस कोट द्या, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येतं. ग्रॅनाइटच्या किंवा व्हिट्रिफाइड टाइलच्या रायझरवर साधा रंग धरत नाही. काही महिन्यांत नखाने सोलून निघेल. तिथे सरळ व्हिनाइल स्टिकर लावा.

आता वारलीबद्दल. ही पालघर जिल्ह्यातली, डहाणू-जव्हारच्या पाड्यांवरची कला. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. लग्नघरात सुवासिनी भिंतीवर 'चौक' नावाचं चित्र लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सांगायचं कारण, चौक हे लग्नविधीतलं चित्र आहे. जिथे बुटाची टोकं लागतात त्या रायझरवर पालघाटाचा चौक काढू नका. शेतावर निघालेली माणसं, बैलगाडी, ताडाची झाडं, कोंबड्या, पाणी भरणाऱ्या बायका, हे सगळं चालतं.

मापाचंही बघा. रायझर सात इंच उंच आणि तीन फूट लांब, म्हणजे आडवी चिंचोळी पट्टी. तिथे मिरवणूक छान बसते, एकामागोमाग चालणारी माणसं. तारपा नाच मात्र गोल फिरत जाणारा, तो सात इंचांत कोंबला की गोगलगाईसारखा दिसतो. त्याला जिन्याच्या चौकातली मोठी भिंत द्या. प्रत्येक रायझर भरायची सक्तीही नाही. मी तर सुचवतो, एक सोडून एक भरा आणि मधले नुसते गेरूच्या रंगाचे ठेवा.

हाताने काढून घेणार असाल तर पालघरच्या वारली कलाकारांना विचारा. छापील स्टिकरमधली माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात, हाताच्या रेषेत जी थरथर असते ती त्यात नसते.

रायझरवर सुविचार किंवा अभंगाच्या ओळी लिहिल्या तर?

सुविचार लिहू नका, ही विनंती. सतरा पायऱ्या चढताना सतरा उपदेश कोण वाचणार?

अभंगाचं वेगळं. पंढरपूरला मंदिरात शिरताना नामदेव पायरी लागते. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली असं परंपरा सांगते, आणि वारकरी मात्र त्या पायरीवर पाय न देता माथा टेकून पुढे जातात. आपल्या मनाची ठेवण ही अशी. त्यामुळे देवाचं नाव पायऱ्यांवर लिहिलंत तर घरातलं कोणीतरी रोज अवघडून चढेल. त्या ओळी भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीवर लिहा, सुरेख दिसतात.

रायझरला नक्षीच्या टाइल्स लावायच्या आहेत.

जरूर लावा, हा प्रकार मला फार आवडतो. इटलीच्या सिसिली बेटावरच्या काल्ताजिरोने गावात १४२ पायऱ्यांचा एक सार्वजनिक जिना आहे, त्याच्या रायझरवर रंगीत माजोलिका टाइल्स आहेत. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज परंपरेतल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो टाइल्स मिळतात. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात त्यांची भिंतभर चित्रं आहेत, गेलात तर बघून या.

एक तांत्रिक गोष्ट. जितकी जाड टाइल, तितकी रायझरची भिंत पुढे येते आणि मागच्या बाजूने पाऊल ठेवायची जागा कमी होते. हाताने बनवलेली सिमेंट टाइल पाऊण इंचाच्या आसपास जाड असते. दहा इंचांचा ट्रेड सव्वानऊ इंचांवर येतो. म्हणून रायझरला सहा ते आठ मिलिमीटरची सिरॅमिक टाइल घ्या आणि सिमेंट टाइलचा मोह चौकाच्या फरशीवर भागवा. भारत फ्लोअरिंग टाइल्स ही मुंबईची कंपनी १९२२पासून अशा टाइल्स बनवते. जुन्या मुंबईतल्या कितीतरी इमारतींत त्या पायाखाली आजही आहेत.

जिन्याच्या भिंतीवर फोटो लावताना ते वेडेवाकडे दिसतात. काय चुकतं?

आपण छत बघून लावतो. बघायचं असतं पायऱ्यांकडे. पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर ५७ ते ६० इंचांवर खूण करा. अशी खूण खालच्या, मधल्या आणि वरच्या पायरीवर करून त्या सुतळीने जोडा. ही तिरकी रेघ म्हणजे फोटोंच्या मध्याची रेघ. फ्रेम लहान-मोठ्या असल्या तरी चालतील, मध्य मात्र या रेघेजवळ राहू द्या आणि दोन फ्रेममध्ये दोन-तीन इंचांची फट ठेवा.

खिळे ठोकण्याआधी जुन्या वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता नजर पडते आणि काय हलवायचं ते आपोआप कळतं.

तीन फुटांच्या जिन्यात जाड फ्रेम नको, खांद्याला लागतात. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट घाला. कधीतरी गादी किंवा कपाट वर न्यायचं असतं आणि त्या दिवशी पहिला बळी फोटोच्या काचेचा जातो. भोक पाडताना स्विचबोर्डच्या अगदी सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, वायरची नळी बहुधा तिथूनच गेलेली असते.

सासऱ्यांचा हार घातलेला फोटो जिन्यात लावला तर वाईट दिसेल का?

हा सजावटीचा प्रश्न नाही, सासूबाईंना विचारा. त्यांची हरकत नसेल तर चौकातली भिंत योग्य. तिथे क्षणभर थांबून नमस्कार करता येतो, हार बदलताना पायरीवर तोल सांभाळत उभं राहावं लागत नाही. चढत्या भिंतीवर मात्र लावू नका. एका घरात आजी म्हणाल्या होत्या, "ह्यांना जन्मभर जिना चढायचा कंटाळा, आणि तुम्ही त्यांना मध्येच टांगलंत." दुसऱ्याच दिवशी फोटो हॉलमध्ये आला.

पायऱ्यांखाली एलईडी पट्टी लावायची आहे. किती लागेल, खर्च वाढतो का?

हिशेब करू. १७ पायऱ्या, प्रत्येकी तीन फूट, म्हणजे ५१ फूट, साधारण साडेपंधरा मीटर. घरात वापरतात ती साधी पट्टी मीटरला अंदाजे ५ वॅट खाते, म्हणजे एकूण ७५-७८ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, नेहमी थोडा वरचा घ्यायचा, इथे १०० वॅटचा. एवढ्या लांबीला १२ व्होल्टची पट्टी असेल तर शेवटच्या पायऱ्या मंद दिसतात. २४ व्होल्टची घ्या किंवा दर पाच मीटरला वेगळी वायर द्या. ड्रायव्हर जिथे हात पोहोचेल तिथे बसवा, कारण आधी बिघडतो तो, पट्टी नंतर.

पट्टी उघडी चिकटवू नका. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल आणि दुधी झाकण लावा, नाहीतर पॉलिशच्या ग्रॅनाइटमध्ये एकेक ठिपका परावर्तित होतो आणि जिना लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. रंग ३००० केल्विनचा, म्हणजे वॉर्म व्हाइट. निळी आणि रंग बदलणारी पट्टी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना आवडते, नंतर ती फक्त लहान मुलांना आवडते.

मला विचाराल तर सतरा पायऱ्यांचा हा खटाटोप करायचीच गरज नाही. हँडरेलच्या खालच्या बाजूला एकच पट्टी लपवा. दहा फुटांच्या मजल्याच्या जिन्याची तिरकी लांबी १६-१७ फूट असते आणि पाच मीटरचा रोल जवळपास १६ फूट ५ इंच येतो. एका रोलमध्ये काम होतं, उजेड पायऱ्यांवर पडतो, डोळ्यांत जात नाही. भिंत अजून प्लास्टरची व्हायची असेल तर ट्रेडपासून नऊ ते बारा इंचांवर, दर तिसऱ्या पायरीला फूटलाइटचे डबे टाकून घ्या.

आणि टू-वे स्विच! खाली एक, वर एक. हे नसेल तर बाकीची सगळी रोषणाई फुकट, कारण रात्री वरून उतरणारा माणूस अंधारातच उतरणार. एक दिवा इन्व्हर्टरवरही घ्या.

डबल हाइटला, म्हणजे दोन मजले उंच मोकळ्या भागात, मोठं झुंबर?

लावा, पण आधी ते पुसणार कोण आणि बल्ब बदलणार कसा, हे ठरवा. वीस फुटांवरच्या झुंबराला पायऱ्यांवर शिडी टेकवून हात घालायचा नसतो. खाली उतरवता येणारी पुली बसवा, नाहीतर चौकातून हात पोहोचेल असाच लटकता दिवा घ्या.

स्टीलचा कठडा, काचेचा, लोखंडी की लाकडी?

कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर आधी एक प्रश्न विचारा, स्टील कोणत्या ग्रेडचं? बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी असतं, खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबूस डाग येतात. ३०४ घ्या, आणि अगदी किनाऱ्यावर घर असेल तर ३१६. फॅब्रिकेटरकडून ग्रेड बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून बघायची युक्ती सगळे सांगतात, पण नवं २०२सुद्धा चुंबकाला फारसं धरत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत दोन्ही पास होतात.

लोखंडी कठडा मला जास्त घरगुती वाटतो. नक्षी हवी तशी करता येते, किलोवर दर ठरतो आणि गंजला तर घासून रेड ऑक्साइड मारून पुन्हा रंगवता येतो. काचेचा कठडा टफन्डच हवा, शक्यतो लॅमिनेटेड, म्हणजे फुटली तरी काच जागेवर राहते. आणि काच घेतलीत की फडकंही घ्या. लहान मूल असलेल्या घरात तिच्यावर बोटांचे ठसे रोज नवे.

दोन गोष्टी नक्षीसाठीही सोडायच्या नाहीत. गजांमधली फट चार इंचांहून जास्त नको, मुलाचं डोकं अडकता कामा नये. आणि आडव्या दांड्यांचा कठडा दिसतो छान, पण तीन वर्षांच्या पोराच्या दृष्टीने ती शिडी असते. उंची तीन फूट तीन इंचांच्या आसपास ठेवा, म्हणजे एक मीटर.

वर हातात येणारी पट्टी सागवानी असेल तर थंडीत हाताला बरं वाटतं, स्टीलसारखा चटका बसत नाही.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. सजावटीतून त्यांची सोय होईल असं काही?

होईल, आणि खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी. दुसऱ्या बाजूला, भिंतीला, आणखी एक हँडरेल लावा. बहुतेक घरांत एकाच बाजूला कठडा असतो. चढताना जो हात आधाराला असतो, उतरताना त्याच्या बाजूला नुसती भिंत येते. ज्यांचा एकच हात धड आहे त्यांची पंचाईत होते. गोल लाकडी दांडा, दीड ते दोन इंच व्यासाचा, भिंतीपासून दोन इंच सुटा. टोक भिंतीकडे वळवून संपवा. सरळ सोडलेल्या टोकात साडीचा पदर, झब्ब्याचा खिसा, पिशवीचा बंद, सगळं अडकतं.

पायरीची कड ओळखू येणं हेही फार महत्त्वाचं. काळ्या ग्रॅनाइटच्या काळ्या पायऱ्या, वरून बघताना एकच उतार दिसतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर नक्कीच. प्रत्येक कडेला इंच-दीड इंचाची वेगळ्या रंगाची पट्टी बसवा: दगडातच इनले करा, पितळेची खाचेची पट्टी लावा, किंवा सरळ अँटी-स्किड टेप. पितळेची पट्टी तर उलट शोभेची दिसते.

पायऱ्यांवर गालिचा?

आपल्याकडे नको. पावसाळ्यात कुबट वास धरतो, धूळ बसते आणि नीट ताणून न बसवलेला गालिचा पायाखाली सरकतो. चौकात रबरी बूड असलेली छोटी सतरंजी घाला.

प्रत्येक पायरीवर एक कुंडी ठेवली तर फोटोत दिसते तशी दिसेल ना?

फोटोत कोणी चढत नसतं. तीन फुटांच्या पायरीतून आठ इंच कुंडीला दिले की दोन माणसांना एकमेकांना ओलांडता येत नाही, आणि झिरपणाऱ्या पाण्याचे गोल डाग दगडावर राहतात. कुंड्या चौकात ठेवा, खाली बशी द्या. उजेड कमी असेल तर स्नेक प्लांट आणि झेडझेड तग धरतात. मनीप्लांट कठड्यावर सोडलेला छान दिसतो, पण घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर जरा जपून. मनीप्लांट आणि डिफेनबॅकियाची पानं चावली की तोंडाची आग होते.

जिन्याच्या भिंतीला ओल येते. वॉलपेपरने झाकून जाईल?

झाकून जाईल, पुढच्या जूनपर्यंत. जिन्याची भिंत पुष्कळदा घराची बाहेरची भिंत असते आणि वर गच्चीवर जिन्याची खोली असते. पाणी तिथूनच उतरतं. गच्चीच्या दाराचा उंबरा, त्या खोलीच्या स्लॅबची कड, बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा आणि जवळून जाणारा पाइप, एवढं तपासा. बाहेरून दुरुस्ती करा, आतलं फुगलेलं प्लास्टर खरवडा, एक कडक उन्हाळा भिंत वाळू द्या. पोपडे धरलेल्या भिंतीवर महागडा टेक्स्चर मारणं म्हणजे पोपड्यांना नवे कपडे शिवणं.

कोरड्या भिंतीला साधा रंग देणार असाल तरी कमरेपर्यंतच्या भागाला धुता येणारं इमल्शन घ्या, वर वेगळा फिका रंग. मधली रेघ जिन्याच्या उताराला समांतर ओढली की खर्च न करता भिंत उठून दिसते.

जिन्याखालच्या जागेचं काय करू? देवघर चालेल?

देवांच्या डोक्यावरून माणसं चालतात म्हणून बहुतेक घरांत नको म्हणतात. शास्त्र बाजूला ठेवलं तरी तिथे डोकं आपटतं, वर चढणाऱ्यांच्या पायांचा आवाज येतो, समईचा धूर कोंडतो. पूजेला शांत जागा बघा.

त्या जागेला सगळ्यात न्याय देतात ते ओढून बाहेर येणारे खोल ड्रॉवर. उंच भागात झाडू, इस्त्रीचं टेबल, बुटक्या भागात चपला. प्लायवूड दमट घरात मरीन ग्रेडचं, आयएस ७१० शिक्का बघून घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी तिथे ठेवायची असेल तर दाराला जाळी हवी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो कोंडून ठेवायचा नसतो. गॅसचा सिलिंडर तर नकोच.

आणि घरात मुलं असतील तर निदान तीन फुटांचा कोपरा मोकळा सोडा. दिवाळीचा किल्ला पावसात भिजत नाही अशी ही एकच जागा.

आमच्या जुन्या वाड्यातला लाकडी जिना आहे. वरून तैलरंग मारलेत. मूळ लाकूड बाहेर काढावं का?

काढा, पण घाई करू नका. वाड्यातले जिने मुळात चढे आणि अरुंद, काही तर भिंतीच्या जाडीतच बसवलेले. मधोमध झिजून पडलेली खोलगट वाट भरून काढायचा आग्रह सुतार धरेल. पाय घसरत नसेल तर ती तशीच ठेवा. पिढ्यांच्या येण्या-जाण्याने पडलेला तो आकार आहे, पुट्टीने भरून तो बुजवू नका.

आधी वाळवी. पायरीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे सुतार बोलवा, पेंटर नंतर. मग रंग काढणं. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाखांत ९० भाग) आणणारा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यामुळे जुना थर कोरडा घासून घरभर भुकटी उडवू नका. ओला करून घासा, तोंडाला नीट मास्क लावा, मुलांना आठवडाभर आजोळी पाठवा.

खाली सागवान निघालं तर त्यावर पीयू पॉलिशचा काचेसारखा थर चढवण्यापेक्षा मला जवसाचं तेल आवडतं, टर्पेंटाइन मिसळून, फडक्याने पातळ हात. एक धोका मात्र लक्षात असू द्या: ते तेलकट फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप तापून पेटू शकतं. उघडं पसरून उन्हात वाळवा, मगच फेका.

वास्तूप्रमाणे पायऱ्या विषम हव्यात म्हणतात. आमच्या सोळा आहेत.

सजावटीसाठी एखादी पायरी वाढवू किंवा काढू नका, सगळ्या पायऱ्यांची उंची बिघडेल. पुष्कळजण खालची फरशी किंवा वरचा मजला धरून वेगळी मोजणी करतात. तुमचे सोळा मोजायच्या पद्धतीने सतरा होत असतील तर तेवढं समाधान फुकट मिळतं.

भाड्याचं घर आहे, मालक काही करू देत नाहीत.

रायझरवर निघणारे व्हिनाइल स्टिकर, चिकटपट्टीवरच्या हलक्या फ्रेम, बॅटरीवर चालणारे सेन्सर दिवे. एका कोपऱ्यात चिकटवून, आठवड्याने काढून बघा. रंगाचा पापुद्रा सोबत आला तर डिपॉझिटही सोबत जाईल.

कोटेशनमध्ये काय बघायचं?

मोजमाप कशात धरलंय ते. स्टीलचा आणि काचेचा कठडा बहुधा रनिंग फुटावर, लोखंडी किलोवर, रंग चौरस फुटावर, दगड चौरस फुटावर आणि त्याचं मोल्डिंग वेगळं रनिंग फुटावर. जिन्याच्या भिंतीला उंच परांची बांधावी लागते, तिचे पैसे धरलेत की नंतर मागणार, हे आधी विचारा.

दिवाळीत प्रत्येक पायरीवर पणत्या आणि रांगोळी काढतो. त्यात काय हरकत?

पणती, पदर आणि पायरी या तिघांची गाठ घालू नका. उतरणाऱ्या बाईच्या साडीचा घोळ नेमका मागच्या पायरीवरच्या पणतीवरून जातो. खऱ्या पणत्या चौकातल्या कोनाड्यात, अंगणात, तुळशीपाशी. आतल्या पायऱ्यांना कठड्याच्या बाहेरून सोडलेली लाइटची माळ.

रांगोळीचे कण गुळगुळीत दगडावर पायाखाली गोळ्यांसारखे फिरतात. झेंडूच्या पाकळ्यांचंही तेच, चिरडल्या की निसरड्या होतात. झेंडूचं तोरण कठड्याला बांधा. रांगोळीची हौस असेल तर पहिल्या पायरीच्या समोर, खालच्या फरशीवर, चालण्याची वाट सोडून काढा.

चैत्रगौरीची आरास खऱ्या जिन्यावरच मांडली तर?

मला ही कल्पना एका घरात दिसली आणि फार आवडली. नाहीतरी आपण डबे, पाट, खोकी रचून त्यावर चादर घालून पायऱ्याच तयार करतो. जिन्याच्या खालच्या चार-पाच पायऱ्या त्या दुपारपुरत्या घ्यायच्या. वरच्या पायरीवर पाळण्यातली गौर, खाली फराळाचे जिन्नस, कलिंगडाची कमळं, खेळणी, सगळ्यात खाली कैरीची डाळ आणि पन्हं. चादर प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दाबून बसवा आणि टेपने चिकटवा, म्हणजे ओघळणार नाही. वरच्या मजल्यावर आजारी माणूस किंवा एकुलतं एक बाथरूम असेल तर मात्र हा बेत सोडा. बाकी घरांत दुपारी चार ते सात वरची ये-जा बंद ठेवायची, आणि वर अभ्यास करत बसलेल्या मुलाला त्याची डाळ आधीच नेऊन द्यायची.